आपली पाठ आपल्याला दिसत नाही

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागं सरकलं की आमच्या काठाला मोठं मैदान मिळतं. गाळाची जमीन आधी भेगाळते, मग गुरांच्या आणि माणसांच्या पायांनी घट्ट होते. त्या जमिनीवर गेली चौदा वर्षं मी भरतीला जाणारी पोरं पळवतोय. पहाटे पाचला शिट्टी. करमाळा तालुक्यातल्या पाच-सहा गावांची पोरं येतात. कुणी रात्रभर केळीला दारं धरून आलेला असतो, कुणी बापाबरोबर जाळी ओढून. सोळाशे मीटर धावणं, बीम, नऊ फुटी खड्डा, झिगझॅग बॅलन्स, एवढं झालं की पोरं आपापल्या कामाला जातात. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला गावाकडं ‘मेजर’ म्हणतात, तसं मलाही म्हणतात. मी हवालदार होतो.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी एका पोराचा पाय भेगेत अडकला आणि तो गुडघ्यावर पडला. मागून येणारे अकरा जण त्याला वळसा घालून पुढं गेले. एकानंही मान वळवली नाही. पहिला आलेला धापा टाकत माझ्यापाशी आला, “मेजर, पाच अठ्ठावीस!” मी पोरांना साडेपाच मिनिटांचं माप घालून दिलंय, त्यामुळं त्याचा आनंद खरा होता. वर्षभर त्यानं त्यासाठी घाम गाळला होता. पण मी वही मिटली. पडलेल्या पोराला पाणी पाजलं, घोट्याला ओलं फडकं बांधलं आणि सगळ्यांना गोल करून बसवलं. रागावलो नाही. आग्र्याची गोष्ट सांगितली आणि मग टांगाईलची. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे.

माझं जुनं गाव या पाण्याखाली आहे. भीमेवरच्या या धरणाचं काम १९६६ साली सुरू झालं आणि १९८० साली पुरं झालं. जलाशयाचं नाव यशवंतसागर, पण आम्ही धरणच म्हणतो. पाणी साठायला लागलं तेव्हा मी शाळकरी पोर होतो. घराच्या तुळया, दारं, उखळ, सगळं बैलगाडीत भरून माळावर आणलं. ज्या जमिनीनं पोट भरलं असतं ती गेली, म्हणून १९८३ साली मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रिक्रूट म्हणून दाखल झालो. आमच्या काठावरची बरीच पोरं त्या काळात अशीच फौजेत गेली.

तीन-चार वर्षांनी मी पॅराला नाव दिलं. पॅरात हुकूम देऊन कुणाला पाठवत नाहीत, माणसानं आपणहून नाव द्यावं लागतं. आधी पलटणीत काही महिने माणसाला पिळून काढतात. त्यात टिकला तर आग्र्याच्या पॅराशूट उडीच्या शाळेत पाठवतात. तिथं पाच उड्या झाल्या की छातीवर पंख लागतात.

शाळेत सुरुवातीचे दिवस जमिनीवरच जातात. पाय जुळवायचे, गुडघे किंचित वाकवायचे आणि पडता पडता अंग लोळवायचं. शेकडो वेळा तेच. मग विमान. मोठी छत्री पाठीवर, राखीव छत्री पोटावर. पाठीवरच्या छत्रीतून एक जाड पट्टी निघते, तिला स्टॅटिक लाइन म्हणतात. तिच्या टोकाचा हुक विमानातल्या तारेला अडकवायचा. जवान बाहेर पडला की पट्टी ताणते आणि छत्री खेचून उघडते. उडी हजार-बाराशे फुटांवरून. तेवढ्या उंचीवर चूक सुधारायला सवड नसते.

हुक अडकवला की हुकूम येतो, सामान तपासा. छातीवरचं आणि पोटावरचं सामान ज्याचं त्यानं बघायचं. पाठीवरचं सामान मागच्यानं बघायचं, कारण स्वतःची पाठ कुणालाच दिसत नाही. तपासून झालं की रांगेच्या शेवटापासून पुढच्याच्या खांद्यावर एकेक थाप पडत येते. ती थाप म्हणजे मागच्याची जबानी असते: तुझं मी बघितलं, तू जा.

माझी तिसरी उडी होती. माझ्यामागं साताऱ्याकडचा एक जवान उभा होता. आमची आठवडाभर बोलचाल नव्हती, लंगरमध्ये जेवणाच्या रांगेवरून आमची जुंपली होती. लाल दिवा लागला. मला कळलंच नाही की गडबडीत माझी पट्टी डाव्या काखेखालून गेली आहे. तशी उडी घेतली असती तर ताणलेल्या पट्टीनं हात खांद्यातून उपटला असता, नाहीतर अंगाला पीळ बसून छत्री उघडण्यातच घोटाळा झाला असता. त्यानं मागून माझं कोपर धरलं, हात वर उचलला, पट्टी मोकळी करून जागेवर आणली आणि खांद्यावर थाप मारली. हिरवा दिवा लागला. मी गेलो.

खाली छत्री गोळा करताना मी त्याला विचारलं, “आपलं भांडण होतं ना?” तो छत्रीची घडी घालत म्हणाला, “भांडण तोंडाशी होतं. पाठ तुला दिसणार होती का?” पुढं आम्ही सतरा वर्षं एकत्र नोकरी केली. त्याच्या मुलीच्या लग्नात मी वरातीत होतो.

मी गेलो ती पलटण म्हणजे पॅराशूट रेजिमेंटची दुसरी पलटण, मूळची तिसरी मराठा. १९७१ च्या लढाईत आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलला छत्रीनं उतरलेले काही जण तेव्हा सुभेदारकीला पोचले होते. आपल्याकडच्या बायकांना टांगाईल ठाऊक आहे ते साडीमुळं. आमच्या पलटणीत ते नाव निघालं की बोलणारे थांबतात आणि जुन्या माणसाकडं बघतात.

हकीकत अशी. ३ डिसेंबर १९७१ ला लढाई सुरू झाली. पूर्व पाकिस्तानच्या, म्हणजे आजच्या बांगलादेशाच्या, उत्तरेला मैमनसिंग आणि जमालपूरला पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड होती. ही ब्रिगेड मागं सरकून ढाक्याच्या बचावाला पोचली असती तर ढाक्याची लढाई लांबली असती. तिची ढाक्याकडची वाट टांगाईलवरून जायची आणि टांगाईलजवळ लोहाजंग नदीवर पुंगली नावाच्या ठिकाणी पूल होता. तो पूल शत्रूच्या पाठीमागं जाऊन धरायचा, हे काम आमच्या पलटणीवर आलं.

पुलाची किंमत धरणाकाठच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजांच्या काळातला डिकसळचा पूल धोक्यात आला तेव्हा करमाळा आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या माणसांचे, उसाच्या गाड्यांचे आणि शाळकरी पोरांचे किती हाल झाले, ते आम्ही पाहिलंय. समोरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथं जायला सगळ्या पाण्याला वळसा घालावा लागतो. पोरांना मी एवढंच म्हणालो, पुंगलीचा पूल गेला की त्या ब्रिगेडची गत तीच होणार होती.

११ डिसेंबरला दिवस कलायला लागला तेव्हा सुमारे पन्नास विमानं टांगाईलवर आली. डमडम आणि कलाईकुंड्याहून उठलेली. एएन-१२, पॅकेट, डाकोटा आणि कॅरिबू. सगळी माल वाहणारी, जड, सावकाश चालणारी. शत्रूचं एखादं लढाऊ विमान वर असतं तर त्यांचा निभाव लागला नसता. पण आपल्या हवाई दलानं ढाक्याच्या तेजगाव विमानतळाची धावपट्टी आधीच फोडून ठेवली होती आणि पाकिस्तानची विमानं तिथून उठूच शकत नव्हती. उडी घेणाऱ्या जवानाची पाठ त्या दिवशी अशी आधी वैमानिकांनी बघितली होती.

जमिनीवरही कुणीतरी आधीच जाऊन बसलं होतं. कॅप्टन पी. के. घोष शत्रूच्या मुलखात आत शिरून बंगाली स्वातंत्र्यसैनिक कादर सिद्दिकींच्या मुक्तिवाहिनीत मिसळले होते. उतरायची जागा त्यांनी हेरली, राखली आणि तिथं खुणा केल्या. सातशेच्या वर माणसं वरून येणार आणि खाली आपला म्हणून हा एकच अधिकारी. हे काम किती एकट्यानं करायचं असतं, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू होते. बरोबर तोफखान्याचे, इंजिनिअर दलाचे आणि वैद्यकीय पथकाचे जवान होते. स्वतंत्र भारताच्या फौजेतल्या अख्ख्या पलटणीनं लढाईत पॅराशूटनं घेतलेली ही पहिली उडी. आग्र्याला आम्ही उडी घ्यायचो तेव्हा खाली गाड्या उभ्या असायच्या, डॉक्टर असायचा, चहाची किटली असायची. त्या दिवशी खाली शत्रूचा मुलूख होता, अंधार पडत होता आणि परतीची वाट नव्हती.

वारा काय करतो, हे आम्हाला उजनीनं शिकवलंय. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. त्या दिवसापासून वारा सुटला की काठावरची माणसं मुकाट्यानं पाण्याकडं बघत उभी राहतात. टांगाईललाही वाऱ्यानं जवान पांगवले. भाताच्या खाचरांत, तळ्यांच्या काठाला, ठरल्या जागेपासून लांब. आमचे एक सुभेदारसाहेब सांगायचे, “छत्री सोडली आणि इकडंतिकडं बघितलं, तर माझ्या रांगेतलं एकही तोंड नाही. पहिल्यांदा भीती वाटली ती तिथं. विमानात नव्हती वाटली.”

मग गावातली माणसं धावत आली. ‘जय बांगला’ म्हणत आली. पसरलेलं सामान, दारूगोळ्याच्या पेट्या त्यांनी डोक्यावर घेतल्या आणि जवानांबरोबर चालायला लागली. भाषा कळत नव्हती. सुभेदारसाहेब सांगायचे, “एका म्हाताऱ्यानं माझी पेटी घेतली. मी नको म्हणालो. तो ऐकेना. पुलापर्यंत पेटी त्याच्याच डोक्यावर.” हे सांगताना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून दाखवायचे.

अंधार पडल्यावर थोड्या वेळात पूल आपल्या ताब्यात आला. खरी कसोटी त्यानंतर लागली. उत्तरेकडून मागं सरकणाऱ्या शत्रूला पूल आपल्या हातात गेल्याचं ठाऊक नव्हतं. त्यांच्या गाड्या रात्री तिथं येऊन आदळल्या. वाट फोडायला ते पुन्हा पुन्हा चालून आले. वरून उतरलेल्या पलटणीकडं रणगाडे नसतात, जड तोफा नसतात, मागून रसद येत नाही. जेवढं अंगावर आणलं तेवढंच. ती रात्र पलटणीनं तेवढ्यावर काढली आणि पूल सोडला नाही. पन्नू साहेबांना पुढं महावीरचक्र मिळालं, पलटणीच्या निशाणावर ‘पुंगली ब्रिज’ हा युद्धसन्मान चढला.

ते असं टिकले कशावर? एका भरवशावर. उत्तरेकडून आपली माणसं चालत येत होती आणि ती येणारच होती.

येणारी पलटण होती पहिली मराठा, जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार तिचे कमांडर. ती जमालपूरच्या मागं जाऊन शत्रूची वाट अडवून बसली होती. जमालपूरच्या ३१ बलुच पलटणीला आपल्या फौजेच्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचं पत्र धाडलं. तिथल्या कमांडरनं उत्तराच्या पाकिटात बंदुकीची एक गोळी घालून पाठवली. १० तारखेच्या रात्री ते वेढा फोडायला निघाले आणि सरळ जंगी पलटणीवर येऊन धडकले. रात्रभर हातघाईची लढाई झाली. सकाळी जमालपूर पडलं. रात्रभर लढलेल्या माणसांनी पाठ टेकायला हवी होती. पण दक्षिणेला आपली पलटण शत्रूच्या पोटात उतरणार होती. जंगी पलटण टांगाईलच्या वाटेला लागली आणि पुंगलीला पोचली.

पूल धरून बसलेले मराठे आणि उत्तरेकडून आलेले मराठे तिथं भेटले. ही भेट नुसती दोन पलटणींची नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इटलीत या दोन्ही पलटणी लढल्या होत्या आणि दोघींना एकेक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. तिसऱ्या मराठाचे नाईक यशवंत घाडगे, माणगावकडचे. १० जुलै १९४४ ला त्यांच्या तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच कामी आले. पहिल्या मराठाचे नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना एकेक करून पाण्यातून, सुरुंगांतून आणि गोळीबारातून पाठीवर पलीकडं नेलं. मग परत फिरून शत्रूच्या मशीनगन बंद केल्या आणि नदीच्या बांधावर उभं राहून मराठ्यांची ललकारी देत बाकीच्यांना बोलावलं. आधी साथीदार, मग शत्रू. हा क्रम मी पोरांना दोनदा सांगितला.

टांगाईलच्या उडीची बातमी जगभर गेली तेव्हा सातशेचा आकडा फुगून पाच हजारांवर गेला होता आणि ढाक्यातल्या पाकिस्तानी सरदारांचं अवसान आणखी गळालं. १६ डिसेंबरच्या सकाळी मीरपूरचा पूल ओलांडून ढाक्यात सर्वांत आधी शिरलेली भारतीय पलटण आमचीच होती. त्याच संध्याकाळी रेसकोर्स मैदानावर शरणागतीवर सह्या झाल्या आणि ९३ हजार युद्धकैदी आपल्या हाती आले.

एवढं सगळं ऐकल्यावर पोरं गप्प होती. शेवटी पहिला आलेल्या पोरानं विचारलं, “पण मेजर, ग्राउंडवर तर एकेकट्याचीच वेळ घेतात. मी थांबलो असतो तर माझी वेळ गेली असती.”

प्रश्न रास्त होता आणि मला त्याला फसवायचं नव्हतं. मी म्हणालो, “भरतीच्या दिवशी पळ. तिथं तुझं नाव, तुझी वेळ. पण भरती एका दिवसाची असते. त्यानंतर सतरा वर्षं नाहीतर चार वर्षं, जी काय नोकरी मिळेल, तिच्यात तुझ्यामागं कुणीतरी उभा असेल आणि तुझ्यापुढं कुणीतरी. इथं काठावर वर्षभर एकट्यानं पळायची सवय लावलीस, तर तिथं मान वळणार नाही.”

शौर्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर उडी येते. मी पस्तीसेक उड्या घेतल्यात, म्हणून खात्रीनं सांगतो, दारातून बाहेर पडायला फार मोठं काळीज लागत नाही. मागून थाप आलेली असली की पाय आपोआप पडतो. काळीज लागतं ते थाप मारणाऱ्याला. स्वतःची उडी तोंडावर आली असताना त्याला दुसऱ्याची पाठ नीट बघायची असते. टांगाईलला घोष, वैमानिक, पेटी डोक्यावर घेणारा म्हातारा, रात्रभर लढून पुन्हा चालत निघालेली जंगी पलटण, या सगळ्यांनी तेच केलं. त्यामुळं सातशे माणसांना तो पूल धरता आला.

दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर नियम बदलला. पोरं जोडीनं पळतात आणि सरावाच्या वहीत जोडीतल्या मागच्याची वेळ लिहिली जाते. दोन बापांनी येऊन तक्रार केली. एकानं पोराला दुसरीकडं घातलं. मी नियम ठेवला. आठवड्यातून एकदा एकट्याची वेळ घेतो, कारण भरतीचं मापही खरंच आहे. पण आता कुणाचा पाय भेगेत गेला तर दुसरा थांबतो. बुटाची नाडी सुटली असेल तर जोडीदार आधी सांगतो. घोट्याला फडकं बांधलेला तो पोरगा आणि पाच अठ्ठावीसवाला, दोघं आता एका जोडीत पळतात.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. टांगाईलला विशीत उतरलेले जवान आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. साताऱ्यात, सांगलीत, कोल्हापुरात, नगरला, आपल्या सोलापूरच्या गावांत १९७१ च्या लढाईतली अशी माणसं अजून आहेत. कुणी पारावर बसलेलं असतं, कुणी दवाखान्याच्या रांगेत. आमचे सुभेदारसाहेब चार वर्षांपूर्वी गेले. त्या म्हाताऱ्याची आणि पेटीची गोष्ट मी तेव्हा लिहून घेतली नव्हती, जेवढी आठवली तेवढीच इथं लिहिली. तुमच्या गावात असा कुणी असेल तर ११ डिसेंबरची वाट बघू नका. या आठवड्यातच जा, त्याच्यापाशी बसा, तो सांगेल ते लिहून घ्या, आणि त्याला दवाखान्यात न्यायचं असेल तर गाडी काढा.